वारा किती धरायचा

शैलजा गेल्याचा फोन तिच्या नवऱ्याने, अविनाशने केला. "फिट आली, मोरीत पडली... संपलं," एवढंच तो बोलला. लोक याला अपघात म्हणतात. मी म्हणत नाही. तिला मारलं त्याला मध्ये काही वर्षं गेली, इतकंच.

आम्ही दोघी नाशिकला वीजवाहिन्यांच्या कामात बरोबरच लागलो. कुठल्या तारेवरून किती वीज सोडायची, हे शैलजा ठरवायची. वीज वाढली की तार तापते, लांबते, तिचा झोळ जमिनीकडे उतरतो. वारा असला की ती निवते. पण वारा मोजायचं यंत्र सबस्टेशनच्या गच्चीवर, आणि तार जाते डोंगरांतून. मधल्या खोऱ्यात वारा किती, याचा अंदाजच करायचा. एका उन्हाळ्यात तिनं बेताचा वारा धरला. घोटीजवळच्या खोऱ्यात मात्र पानही हलत नव्हतं. झोळ उतरला आणि खालून पेंढ्याने उंच भरलेला ट्रक गेला. वर बसलेला मजूर जळाला. आम्ही पोचलो तेव्हा पेंढा धुमसत होता, आणि त्याला उतरवणाऱ्यांच्या हाताला त्याची कातडी येत होती. चौकशीत ठपका ट्रकवाल्यावर आला. शैलजा मात्र त्यानंतर खोऱ्यात वारा नाहीच असं धरू लागली. "निम्मी तार वाया घालवता तुम्ही," साहेब वैतागायचे. "असू दे," ती म्हणायची.

मग तो मे महिना. दुसरी वाहिनी बंद पडली आणि सगळा भार एका तारेवर आला. शैलजाने मर्यादा ओलांडू दिली नाही, म्हणून पेठकडच्या गावांची वीज तोडावी लागली. पंप बंद, टाक्या कोरड्या. भर दुपारी माणसं सबस्टेशनवर चालून आली. फाटक पाडलं, काचा फोडल्या. साहेब मागच्या दाराने निघून गेले. ती पुढे झाली.

"तार खाली येईल. माणूस मरेल."

"आमी पान्यावाचून मरतोय त्याचं काय? वीज सोड, बाई."

"नाही सोडणार."

पहिला दगड तिच्या कपाळावर बसला. ती पडल्यावरही ते थांबले नाहीत. लोखंडी पाइप तिच्या डोक्यावर आदळल्याचा आवाज मी टेबलाखालून ऐकला... पुन्हा, आणि पुन्हा. शुद्ध जाईपर्यंत ती "नाही" म्हणत होती. वीज सुटली नाही. ओळख पटली नाही म्हणून पुढे सगळे सुटले. तिला मात्र फिट्स सुरू झाल्या. तार खरंच खाली आली असती का, असं मी एकदा विचारलं. "मलाही माहीत नाही गं," ती म्हणाली. "त्या दुपारी तिथे वारा असेलही."

परवा पंचवटीत अविनाशकडे बसले होते. पेठकडचा एक माणूस दारात आला. "पाइप माझा नव्हता," तो म्हणाला. "पयला दगड माझा." अविनाशने त्याची गचांडी धरून त्याला भिंतीवर आपटलं. त्याचं नाक फुटलं. त्याने हात वर केला नाही. शेवटी अविनाशनेच त्याला सोडलं.

रक्त पुसत त्या माणसाने मला विचारलं, "त्या दिशी तार पडली असती का?"

"माहीत नाही. तिलाही माहीत नव्हतं."

"मंग येवढा मार का खाल्ला तिनं?"

"माहीत नव्हतं, म्हणूनच."

खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, तिची खुर्ची तशीच आहे. त्या दुपारनंतर दाराकडे पाठ करून ती कधी बसली नाही. तो माणूस त्या खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसला. अविनाशने त्याला ऊठ म्हटलं नाही.