मशीनचं तोंड पूर्वेला

अग्निबाण उडाला की टीव्हीवर टाळ्या वाजतात आणि बातम्या देणारी बाई 'संपूर्ण स्वदेशी' म्हणते. ते दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

सौसरजवळच्या एका लहान कारखान्यात मी मशीन चालवते. आयटीआय करून पुण्यात सहा वर्षं काढली. बाबांना लकवा मारला तेव्हा गावी परत आले, कारण आईला एकटीला त्यांना उठवणं-बसवणं जमत नाही. कारखान्यात माझ्या हाताजोगी एकच मशीन होती. परदेशी, कपाटाहून मोठी, धातूला पाची बाजूंनी कोरणारी. तिच्यावर आम्ही अग्निबाणाच्या इंधनाच्या नळीला बसणारी झडप करायचो. वस्तू बांगडीएवढी, पण केसाच्या जाडीचा फरक पडला तरी भंगारात. पहिली खेप पास झाली होती. दुसरी वेळेत गेली नाही तर काम दुसऱ्या शहरात जाणार आणि मी पुन्हा पुण्याला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी आमच्या मालकांनी वास्तुवाला आणला. त्याने होकायंत्र फिरवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मशीनचं तोंड दक्षिणेला आहे, ते पूर्वेला करा, असं सांगून चहा पिऊन गेला.

मी मालकांना म्हटलं, "साहेब, मशीनले काय पूर्व-दक्षिण समजते जी? हलवाच्या आधी मशीनच्या कंपनीले विचारा लागते. कागदात लिहून हाये."

"आपली मशीन, आपली जागा. विचाराचं कोणाले?" मग जरा हसून म्हणाले, "तुमच्यात हे मानत नाही, मालूम हाये मले. आमच्यात मानते."

हे 'तुमच्यात' मी शाळेपासून ऐकत आले आहे. विहारात जाणाऱ्या घरातल्या पोरीला ते कुठेही गाठतं, आता मशीनपाशीही गाठलं. मला इतकं लागलं की मी पुढे बोललेच नाही. त्या कागदाचं पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरायला हवं होतं. ते केलं नाही, याचा संताप अजून जात नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, कारखाना बंद असतो, कारण निम्मे कामगार पांढुर्ण्याचे, ते जाम नदीवर दगडफेकीच्या खेळाला. त्या सुट्टीत मालकांनी क्रेन बोलावून मशीन फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशी मी आले तर मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर फोडलेला नारळ, आणि पडद्यावर लाल अक्षरं: यंत्र जागेवरून हलवले गेले आहे, निर्मात्याशी संपर्क साधा. मी बटणं दाबून पाहिली, पण काहीच हललं नाही.

अशा मशीनच्या पोटात एक डबी असते. जागा बदलली की ती सगळं कुलूपबंद करते. आम्ही मशीन भलत्या कामाला नेऊ नये, म्हणून परदेशी कंपनीनेच ती बसवून पाठवलेली. विकत घेतलेली मशीन, आमच्या फरशीवर उभी, आमच्या विजेवर चालणारी, आणि चावी सात समुद्रांपलीकडे! वास्तुवाल्याला शिव्या घालाव्या, मालकांना की त्या कंपनीला? मी तिघांनाही घातल्या, मनातल्या मनात.

चावी द्यायच्या आधी कंपनीने एक अर्ज पाठवला. मशीन का हलवली? तिच्यावर काय बनतं? अंतराळाचं किंवा संरक्षणाचं काम होत नाही, असं मशीनच्या जबाबदार व्यक्तीने लिहून सही करावी. जबाबदार व्यक्ती म्हणजे मी, मालकांनी माझंच नाव देऊन ठेवलं होतं. आणि आमच्या फाटकावर हा एवढा मोठा फलक: अंतराळात आत्मनिर्भर!

"लिहून दे, ट्रॅक्टरचे पार्ट बनते म्हणून," मालक म्हणाले. "घेतानाही तसंच लिहिलं होतं."

"खोटं हाये ते, साहेब."

"मंग खेप पडून राहू देऊ काय? देशाचं काम हाये, बाई."

"देशाचं काम हाये, तं मंग चोरून काहून करून राहिलो आपण?"

ते फोनवर बोलत बाहेर निघून गेले.

मी अर्ज घरी आणला. आई बाबांना पलंगावरून खुर्चीत घेत होती आणि तिचा खांदा दुखावला होता. बाबा नगरपालिकेत नोकरीला होते. खोट्या कागदावर सही करायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. मी अर्ज त्यांच्याकडे पाठ करून तीनदा वाचला आणि सही केली.

चावी आली. आम्ही खेप वेळेत पाठवली. काही महिन्यांनी अग्निबाण उडाला, तेव्हा बाबा टीव्हीसमोर होते. त्यांचा एकच हात चालतो, त्याने त्यांनी मांडीवर थाप मारली.

"तुह्या हातचं हाये न?" त्यांनी अडखळत विचारलं.

"हो बाबा," मी म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझा राग असा उसळला की मी उठून अंगणात गेले.

मशीनचं तोंड आता पूर्वेलाच आहे. तिच्या पायांभोवती मी खडूने रेघ आखली आहे. झाडताना पुसली गेली की मीच नव्याने ओढते. आमच्या फरशीवर आमची मशीन बोटभरही सरकू नये, म्हणून त्या कंपनीच्या वतीने पहारा आता मी देते.