दुसरी फायरवॉल राहिली

राहूच्या स्टँडवर मी दोन चहा सांगून उभा होतो. दत्ता खुटबावहून गाडीवर यायचा, चहा व्हायचा आणि मग त्याच्या मागं बसून शिरूरकडच्या आमच्या कंपनीत... वर्षानुवर्षं हीच सकाळ. त्या सोमवारी तो यायच्या आधी त्याच्या चुलतभावाचा फोन आला. "दत्ता गेला. पहाटं छातीत दुखलं, दौंडला न्यायच्या आतच..." चहावाल्यानं दोन्ही कप पुढं ठेवले. ते तसेच टाकून मी खुटबावला निघालो. दीड महिना झाला, त्या स्टँडवर अजून चहा घेतलेला नाही.

आम्ही दोघं कंपनीचं नेटवर्क सांभाळायचो. आतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे स्विच, आणि बाहेरून कुणी घुसू नये म्हणून फाटकासारख्या उभ्या दोन फायरवॉल. त्यांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की माझे हात शिवशिवायचे. दत्ता मात्र तिच्याबरोबर आलेली टिपणं वाचत बसायचा, त्यातही माहीत असलेल्या अडचणी आधी. "गुण समदेच सांगत्यात, खोड्या कुठं लिव्हल्यात त्या बघ!" मी घाई केली की म्हणायचा, "पहिल्या धारेची घेणारा आन् पहिली आवृत्ती टाकणारा, दोघं बी सकाळी डोकं धरून बसत्यात." स्वतः कधी थेंबाला शिवला नाही, पण उपमा सगळ्या गुत्त्यातल्या. भारी चिकट माणूस. त्यावरून भांडलोही पुष्कळ.

फायरवॉल दोन असतात त्या एक बसली तर दुसरीनं काम उचलावं म्हणून. दोन्ही एकाच दिवशी नव्या आवृत्तीवर न्याव्यात असं पुस्तक सांगतं. दत्ताचं आपलं वेगळंच. कंपनीला गुरुवारी सुट्टी. त्या दिवशी तो एकच नवी करायचा, सगळा भार तिच्यावर टाकायचा आणि दुसरी आठवडाभर जुन्यावरच ठेवायचा. "माघारी यायला वाट नगं व्हय?" शेवटच्या गुरुवारीही त्यानं तेच केलं. पहिली झाली. "दुसरी फुडच्या गुरवारी," म्हणाला, डबा उघडला आणि मेथीच्या भाजीला नावं ठेवत पोटभर जेवला. पुढचा गुरुवार त्याला मिळालाच नाही.

दुसरी तशीच राहिली. साहेब रोज विचारायचे, आणि त्यांचं बरोबरच होतं. नवी मध्येच बसली आणि जुनीनं काम उचललं नाही तर सगळी कंपनी ठप्प. कळत होतं, पण हात धजत नव्हता. तिच्यात जुनी आवृत्ती आहे तोवर मागं जाता येईल, दत्ता असलेल्या त्या गुरुवारात... असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. खुळेपणा, दुसरं काय! पण मित्र मेल्यावर शहाणपणा आणायचा कुठून?

तेराव्यानंतर खुटबावला गेलो, तर त्याच्या बायकोनं, सुरेखावहिनींनीच विषय काढला. "भावजी, ह्यांचं काय काम राहिलंय का तिकडं?"

"एक राहिलंय, वहिनी."

"मग करून टाका. ह्यांच्या कामाला कुणी बोट दाखवाय नगं."

त्याच गुरुवारी बसलो. जुनी आवृत्ती पुसून नवी टाकू का, असं मशीन विचारतं. हो म्हटलं, आणि रॅकपाशी खाली बसून ढसाढसा रडलो. एसीच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नसावं. थोड्या वेळानं दुसऱ्या फायरवॉलचा दिवा हिरवा झाला.

पण दत्ता हिरव्या दिव्यावर कधी थांबला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो सगळी कंपनी पायी फिरायचा. गेट, स्टोअर, कँटीन, वजनकाटा... प्रत्येकाला एकच, "चालतंय का?" मी हसायचो, अरे बाबा, स्क्रीनवर दिसतंय की सगळं! या शुक्रवारी मी फिरलो. शेवटी वजनकाट्यावर गेलो. तिथले आप्पा मालाचा ट्रक घेत होते.

"चालतंय का, आप्पा?"

"चालतंय की, झ्याक चालतंय," पावती फाडता फाडता ते म्हणाले. "दत्ताला सांगा..."

बोलून गेले आणि पावती हातात धरून तसेच उभे राहिले.

"सांगतो," मी म्हणालो.