घर स्वतःला सांभाळेल म्हणे!

आमच्या किनाऱ्यावर खारं वारं आणि पुण्याचा मालक एकत्र आले की किस्से आपोआप साठतात! मी सुमन, मालवणजवळच्या एका बंगल्याची केअरटेकर. साहेबांनी तो गुंतवणूक म्हणून घेतला आणि दिवाळीनंतर सगळा 'स्मार्ट' केला. "सुमनताई, आता भाडं वाढेल. शिमग्यानंतर तुमचीही गरज नाही. घर स्वतःला सांभाळेल."

मी म्हटलं, "बघूया!"

*

पहिले पाहुणे आले. दाराचा कोड मोबाईलवर येणार आणि त्यांच्या कंपनीची रेंज फक्त देवळाच्या वळणावर. कोड घेऊन परत येईपर्यंत त्याची मुदत संपायची! तीन फेऱ्यांनंतर मी त्यांना मागची कडी काढून आत घेतलं. "या दाराला लॉक नाही?" पाहुण्यांनी विचारलं.

"मागीलदारान चोर येणत नाय, शेजारी येतत!"

*

एकदा साहेबांचा घाबरा फोन. "कॅमेऱ्यात कोणी म्हातारा दिसतोय. माडाखाली नारळ ठेवून पुटपुटतोय!"

तो शेजारचा बाबीकाका. जागा राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, वर्षाचं गाऱ्हाणं घालत होता.

"साहेब, जुन्या सिक्युरिटीचं रिन्यूअल चाललंय!"

*

मग धुराचा सेन्सर. मी चुलीवर बांगडे ठेवले आणि तो असा बोंबलला की पाहुणे टॉवेलवरच अंगणात! साहेब फोनवर म्हणाले, "मग बांगडे भाजू नका." माझं डोकंच फिरलं. पण आवाज ऐकून आलेल्या बाबीकाकाने फोन ओढून घेतला.

"सेन्सराक बांगडो सोसत नाय, तर तेका घाटार, पुण्याक धाडा!"

*

शिमगा झाला आणि साहेबांचा मेसेज आला, "उद्यापासून येऊ नका." त्या पगारावर माझ्या मुलीचं कॉलेज चालतं. पण हात जोडायला गेले नाही.

त्याच आठवड्यात साहेबांच्या आई एकट्याच बंगल्यावर राहायला आल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांचा फोन. "आई कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही! ॲप म्हणतंय सगळं ठीक आहे!"

"आई माझ्या पडवीत ओले काजू सोलतायत."

"तिथे? कशाला?"

आईंनी हात पुसून फोन घेतला. "तुझं घर मला विचारतं, एसी किती ठेवू. जेवलात का, ते सुमन विचारते. हिला कामावरून काढलंस?"

"आई, तो बंगला इन्व्हेस्टमेंट आहे. खर्च कमी केला की..."

"बंगला कोणाच्या नावावर आहे रे? माझ्याच ना?"