मारामारीचा पट्टा

बर्निस पेल्कीला आमच्या पाइक फॉल्समध्ये लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक, आइस हॉकीच्या रिंकवरच्या कँटीनमधले तिचे ग्रेव्ही घातलेले फ्राइज. दुसरी, तिचा मुलगा गार्नेट. पहिलीबद्दल लोक तिच्या तोंडावर बोलतात. दुसरीबद्दल ती तळणीकडे वळली की.

गार्नेट मोठ्या लीगमध्ये पोचला होता. कागद गिरणीच्या या गावातून तो एकटाच. पण गोल करायला नाही. सोळा वर्षांचा असताना कोचनं त्याला बाकावर बसवून सांगितलं होतं, "पोरा, तुझ्या हातात गोल नाही. मुठी मात्र झकास आहेत." संपलं. तेव्हापासून पोरगं मुठींच्या मजुरीवर. आपल्या चांगल्या खेळाडूला कुणी आपटलं की याला बर्फावर सोडायचं. यानं हातमोजे टाकायचे, आणि पंच मध्ये पडेपर्यंत मारायचं नाहीतर मार खायचा. माणसं जागेवरून उठून ओरडायची. गिरणीत अंगठा चेंगरला तर आम्ही संप करतो. इथं डोकं चेंगरत होतं, तर लोक बियर ओतत होते.

मग डोकेदुखी सुरू झाली. तो आईकडे परत आला, खिडक्यांना घोंगड्या लावून अंधारात पडून राहायला लागला. केटली वाजली तरी कानावर हात. चौतिसाव्या वर्षी एका सकाळी उठलाच नाही. क्लबनं फुलं पाठवली. आणि त्याच्या जर्स्या विकल्या.

घेणारी एक कार्ड कंपनी. या कंपन्या खेळाडूनं सामन्यात घातलेली जर्सी घेतात, कात्री चालवतात, नखाएवढे चौकोन करतात आणि खेळाडूच्या फोटोच्या कार्डात खिडकी पाडून तो चौकोन आत बसवतात. मग ती कार्डं पाकिटांतून विकायची. नशिबात असेल त्याला कापड. साध्या पांढऱ्या तुकड्याला कुणी विचारत नाही. छातीवरच्या बोधचिन्हाचा तुकडा असेल तर भाव चढतो. रक्ताचा डाग असेल तर विचारूच नका. तो डाग दिसावा म्हणून कार्ड मुद्दाम तसं कापतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

बर्निस ही कार्डं गोळा करते. गार्नेटची, फक्त गार्नेटची. संग्रह करणारे पुरुष तिला 'मायेची संग्राहक' म्हणायचे आणि प्रेमानं एखादं कार्ड स्वस्तात द्यायचे. एकदा मी तिच्या स्वयंपाकघरात गेले, तर सिंकमध्ये वाटीभर पाण्यात दोन चौकोन भिजत पडलेले, आणि कार्डं केराच्या डब्यात.

"बर्निस, अगं हे काय?"

"धुणं," ती म्हणाली. "माझ्या पोराचं मळकं धुणं लोकांच्या घरात पडलंय, इर्मा. काचेच्या कपाटात. पाहुण्यांना दाखवतात. सगळं परत आणणार आणि धुणार."

मी तापट बाई. मी कंपनीला तीन पानं लिहिली, शिव्या गाळून. उत्तर आलं: कापड अस्सल असल्याची आम्ही पूर्ण हमी देतो. अरे गाढवांनो, अस्सल आहे हाच तर तंटा आहे!

यंदा मार्चमध्ये रिंकच्या वरच्या हॉलमध्ये कार्डांचा बाजार भरला. टेबलांच्या रांगा, टेबलांवर डब्या, डब्यांभोवती माझ्या वयाचे बाप्ये पोरांसारखे डोळे करून उभे. खाली कँटीनमध्ये बर्निस फ्राइज तळत होती. मी वर चक्कर मारली आणि डेल्मर क्रॉशच्या टेबलाशी माझे पाय थांबले. हा डेल्मर दक्षिणेकडून व्हॅन भरून येणारा व्यापारी, तोंडानं लोणी. त्याच्या मधल्या स्टँडवर, कार्ड तपासून, दहापैकी गुण देऊन सीलबंद करतात तसल्या एका जाड प्लॅस्टिकच्या डबीत गार्नेट होता. फोटोखालच्या खिडकीत साधं कापड नव्हतं. मारामारीचा पट्टा होता.

हा पट्टा जर्सीच्या आत, पाठीला शिवलेला असतो आणि चड्डीला बांधतात. कशासाठी? तो सुटला की समोरचा जर्सी डोक्यावरून ओढतो, हात अडकतात, डोळे झाकले जातात, आणि मग आंधळ्याला बडवल्यासारखं बडवतो. गार्नेट गावच्या संघात होता तेव्हा त्याचा पट्टा बर्निस स्वतः शिवायची, दुहेरी टीप घालून. पोराला लढू नको म्हणायची सोय नव्हती, निदान दिसू तरी दे, म्हणून. खिडकीतल्या पट्ट्यावर तपकिरी डाग होता. डबीवर लेबल: 'रक्तासहित'.

मी खाली जाऊन तिला सांगितलं. म्हटलं, "तू नको येऊस. मी त्याच्या टेबलासमोर उभी राहून असा तमाशा करते की..."

"तमाशा नको," बर्निस म्हणाली. तिनं तळणी बंद केली, खणात काहीतरी चाचपलं, अ‍ॅप्रनच्या खिशात घातलं आणि जिना चढली.

डेल्मरनं तिला आधी ओळखलं नाही. "घ्या ना बाई, नीट बघा. हा एकच पीस आहे. दुसरा जगात नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्याची आई."

मला वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. कसली! त्याचा चेहरा ख्रिसमसच्या झाडासारखा उजळला. "मिसेस पेल्की! अहो, मग यावर सही करा ना! डबीवरच करा. आईची सही आणि मुलाचं रक्त... अहो, भाव कुठं जाईल! तुम्हालाही त्यातलं देईन, काय समजलात?" आणि यानं स्वतःच्या हातानं डबी तिच्या हातात ठेवली, वर मार्कर पेन.

बर्निसनं पेन टेबलावर ठेवलं. खिशात हात घातला. चष्मा काढत असेल असं त्याला वाटलं असावं.

निघाली पक्कड.

कोपऱ्यावर पक्कड लावून तिनं असा मनगटाचा झटका दिला की कट्ट आवाज झाला आणि डबी फुटली. आणि तेव्हा सगळा हॉल हळहळला! "अरे देवा!" "बाई, काय केलंत!" "दहापैकी साडेनऊ ग्रेड होता त्याला!" एकानं तर टोपी काढली. रक्त पाहून यांच्यातलं कुणी हळहळलं नव्हतं. बर्निसनं खिडकीच्या कडेला नख घातलं, चौकोन सोडवला, मुठीत घेतला आणि भोक पडलेलं कार्ड डेल्मरपुढं ठेवलं.

"हे कार्ड तुझं. फोटो चांगला आलाय, ठेव."

"चोरी आहे ही! पोलीस बोलवा!" डेल्मर किंचाळला.

"बोलव," मी म्हणाले. "आणि त्यांना सांग, मेलेल्या पोराच्या रक्तावर त्याच्या आईची सही मागत होतास. एवढं सांग आणि मग उरलेलं सांग."

"तुम्ही कोण?"

"मी? मी तमाशा. मघाशी थांबवला होता, आता सुरू."

मी पुढं काय काय बोलले ते छापता येणार नाही. बर्निस जिना उतरून जाईपर्यंत त्याला टेबलाशी अडकवून ठेवलं, एवढं पुरे.

खाली आले तेव्हा बर्निस सिंकशी उभी होती. थंड पाण्याची धार, चिमूटभर मीठ. हॉकीवाल्या पोरांच्या आयांना हे कुणी शिकवावं लागत नाही. गरम पाण्यानं रक्त कपड्यात बसतं, थंड पाण्यानं सुटतं. अंगठ्यानं ती तो एवढासा चौकोन चोळत होती. मी येताना ते कार्ड उचलून आणलं होतं. मागचा बारीक मजकूर वाचला आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. कापड सामन्यातलं आहे, पण कोणत्या सामन्यातलं ते सांगता येत नाही, असं लिहिलं होतं.

"बर्निस," मी म्हणाले, "म्हणजे हे रक्त गार्नेटचंच असेल असं नाही. तो समोरच्याला मारायचा तेव्हा... दुसऱ्या कुणाच्या पोराचंही असेल."

तिचा अंगठा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

"मग त्याच्या आईचं धुणं आज मी केलं," ती म्हणाली.

तेवढ्यात डेल्मर कॉन्स्टेबल थिबोला घेऊन आला. थिबो आमच्याच गावचा. लहानपणी गार्नेटनं त्याला बर्फावर उताणा पाडलेलं मी पाहिलंय, आणि हात देऊन उठवलेलंही. तो टोपी काढून उभा राहिला, तळणीकडे बघत.

"बर्निस काकू, कापड द्यावं लागेल. पुरावा आहे."

"हे घे." तिनं ओला चौकोन काउंटरवर ठेवला. पांढरा. धुतलेल्या रुमालासारखा पांढरा, एका कडेला शिवणीचे दोन टाके.

डेल्मरनं तो चिमटीत धरून उजेडात फिरवला. उलटा केला. पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं.

"डाग कुठंय?"

"धुतला."

"धुतला?" त्याला खरोखरच कळेना. "अहो, आता याला घेणार कोण? हे तर... हे नुसतं फडकं आहे!"

"तक्रार लिहायची का?" थिबोनं विचारलं. "फडक्याची?"

डेल्मरनं चौकोन काउंटरवर टाकला, माझ्या हातातलं भोकाचं कार्ड ओढून घेतलं आणि जिन्यानं वर गेला. त्या कार्डाचं त्यानं काय केलं, देव जाणे.

रिंकच्या समितीनं त्याच आठवड्यात बर्निसला कँटीनमधून काढलं. कारण दिलं, 'पाहुण्या व्यापाऱ्यांशी गैरवर्तन'. त्या समितीशी माझी लढाई चालू आहे, आणि मी हरायला बसलेली नाही. पण बर्निसला त्याचं फारसं काही नाही. परवा तिच्या घरी गेले, तर स्टोव्हवरच्या दोरीला तिनं तो पट्टा चिमट्यानं लावलेला होता, इतर तुकड्यांच्या ओळीत. सगळे वाळलेले.

"आता काय करणार यांचं?" मी विचारलं.

"घडी घालणार," ती म्हणाली, आणि नखाएवढ्या त्या चौकोनाची खरोखर घडी घालायला बसली.