ब्लेझर बघून घेतलेलं कॉलेज

थोरली जाऊ गणवेश शिवायची. सात कॉलेजांचे ब्लेझर तिच्या मशीनखालून जायचे, त्यामुळे कुठलं कॉलेज किती पाण्यात आहे ते आपल्याला कापडावरून कळतं, असा तिचा ठाम समज. मुलाच्या वेळी तिने साटिनच्या अस्तराचं कॉलेज घेतलं. फी ऐकून नवऱ्याने आ वासला, तेव्हा म्हणाली, "अस्तरात कंजुषी न करणारे शिकवण्यात करतील का?"

त्याच वर्षी धाकट्या जावेने आपली मुलगी गोदामांमागच्या सरकारी तंत्रनिकेतनात घातली. तिथे गणवेश म्हणजे खाकी एप्रन, तोही खिसा उसवलेला. थोरलीने नाक मुरडलं होतं.

चार वर्षांनी मुलगा मोबाइलची कव्हरं विकत होता. पुतणी लिफ्टच्या कंपनीत लागून त्याच्या तिप्पट कमवत होती. धाकटीकडे नवं वॉशिंग मशीन आलं, ते थोरलीच्या पोटात चोवीस तास फिरत होतं.

आता थोरलीच्या मुलीचा कॉलेजचा अर्ज भरायचा होता. मुदत उद्यापर्यंत, आणि पहिल्या पसंतीची जागा कोरी.

"काकूला विचारू या ना," मुलगी म्हणाली.

"तिला काय विचारायचंय? नशीब फळफळलं तिचं, एवढंच."

"मग चकचकीत काचांचं ते लिहू? दादाच्या कॉलेजसारखंच आहे."

थोरलीने हातातली बाही खाली ठेवली आणि चपला घातल्या.

धाकटी कपड्यांच्या घड्या घालत होती. "या ताई. आज वाट चुकलात?"

"मशीन बघायला आले." थोरलीने ते बघितलं. फार छान होतं, त्यामुळे लगेच नजर वळवली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पोरीचं कॉलेज कसं गं निवडलंस?"

"मला कुठलं कळतंय त्यातलं? कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढते ना मी. चांगल्या कामावरची पोरं रांगेत आली की विचारायचे, कुठे शिकलास, वडील काय करतात. साहेबांच्या पोरांना सोडून दिलं. ती कुठेही शिकली तरी साहेबच होणार. आपल्यासारख्यांच्या घरची होती, त्यातली निम्मी त्या एकाच कॉलेजची निघाली. फीही झेपण्यासारखी."

"मला नाही सांगितलंस तेव्हा."

"सांगायलाच आले होते. तुम्ही ब्लेझर दाखवत होतात." धाकटीने घडी दाबली. "घरी येऊन दोन दिवस पोरीशी धड बोलले नाही मी. वाटलं, आपण हिला स्वस्तात घातलं."

थोरलीला बरं वाटलं. चार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तेवढ्यात पुतणी कामावरून आली, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि ते सुख तिथेच संपलं.

"आधी तिथलं वर्कशॉप बघून या," धाकटीने बजावलं. "यंत्रं चालतात की धूळ खातात ते."

सकाळी मायलेकी गेल्या. यंत्रं चालू होती. एक मुलगी कोपरापर्यंत काळ्या हातांनी मास्तरांशी वाद घालत होती, आणि मास्तर ऐकून घेत होते. थोरली तिथे बराच वेळ उभी राहिली. मग अर्जाच्या खिडकीपाशी जाऊन तिने स्वतःच्या हाताने कोऱ्या जागेत तंत्रनिकेतनाचं नाव लिहिलं.

"काकूला फोन करू?" मुलीने विचारलं.

"अर्ज आत जाऊ दे आधी." थोरलीने पेनाला टोपण लावलं. "आणि हे बघ, तिच्या पोरीला नोकरी लागायला किती महिने लागले ते विचार. तुला एक तरी कमी लागला पाहिजे."