नळीतले बुडबुडे

आमची गाडी चढावर धाप टाकायची. सपाट रस्त्याला तिची काही तक्रार नसायची. पण मांजरा नदीचा पूल ओलांडून चढ लागला आणि टाकी अर्ध्याच्या खाली असली, की इंजिनाचा आवाज पातळ होत जायचा. दोन-तीन हिसके बसायचे आणि गाडी बंद पडायची.

"एअर घेतली," शेजारी बसलेले मालक, म्हणजे माझे यजमान, म्हणायचे. "पाना घे."

मी दहाचा पाना घेऊन उतरायची. बॉनेट उघडून फिल्टरवरचा बोल्ट थोडा सैल करायची आणि हातपंप दाबत राहायची. आधी नुसता हवेचा फेस यायचा. फेस सरून नुसतं डिझेल वाहायला लागलं, की बोल्ट आवळायची. हाताचा वास साबणानं जायचा नाही. भाकरी थापताना तोच वास पिठातून वर यायचा आणि मला उगाच वाटायचं, आपण अजून रस्त्यावरच आहोत.

बिदर जिल्ह्यात हुलसूरला आमची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. मिरची, टोमॅटो, वांगी, फुलकोबी. शेडनेटखाली रोपं वाढतात आणि महिन्याभरात ट्रेमध्ये भरून शेतकऱ्यांच्या बांधावर पोचवावी लागतात. त्यासाठी हा जुना डिझेल पिकअप. मागे लोखंडी कप्पे करून घेतलेले, एकावर एक तीन.

अठरा वर्षं ही गाडी मालकांनीच चालवली. मग त्यांना काचबिंदू झाला. कडेनं अंधार आत सरकत गेला, आणि बिदरच्या डॉक्टरांकडे पोचलो तोवर बराच आत आला होता. आता समोर ऊन आहे की सावली, एवढंच त्यांना कळतं. नजर पुरती जायच्या आधी त्यांनी मला सोयाबीन काढलेल्या मोकळ्या रानात गाडी शिकवली. मी चाळिशी ओलांडलेली. क्लच सोडताना गाडी उडी मारून बंद पडायची. ते शेजारी बसून शांतपणे म्हणायचे, "घाई न्हाई. रान आपलंच हाय."

तेव्हापासून मी चालवायची आणि ते शेजारी बसायचे. खरं सांगायचं तर अर्धी गाडी तेच चालवायचे, कानानं. "आता तिसरा टाक. पूल आला. पुढं डाव्या अंगाला वळण हाय, चिंच हाय तितं." हे त्यांना कसं कळतं, याचा मी कधी विचारच केला नाही. नवऱ्याला रस्ता माहीत असतो, एवढंच मला माहीत होतं.

एका ऑक्टोबरात ठाणाकुशनूरच्या एका बाईंना मिरचीची रोपं द्यायची होती. त्यांनी रान भिजवून ठेवलेलं, लावणीला बाया बोलावलेल्या. त्या दिवशी गाडी तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा तर फेस सरतच नव्हता. मी पंप दाबत होते, मालक मागे जाऊन हातानं चाचपत ट्रेवर पाणी शिंपडत होते. ऊन असं होतं, की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. त्या बाईंनी एक ट्रे उचलला, रोपांकडे बघितलं. "अक्का, माना टाकल्यात की वो," एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळे ट्रे आंब्याखाली मांडले, वर ओलं पोतं धरलं आणि बायांना चहा द्यायला गेल्या.

परतताना मालक म्हणाले, "असं किती दिस एअर काढत फिरायचं? उद्या मैलूरला जाऊ. मास्तरला दाखवू."

मास्तर म्हणजे बिदरचे एक मेकॅनिक. आयुष्यभर त्यांनी पोरांना डिझेल इंजिन शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मैलूरमध्ये घरामागच्या कडुलिंबाखाली पत्र्याचं शेड टाकलं. शेडच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पाने लहान ते मोठे ओळीनं टांगलेले. प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याचा आकार खडूनं काढलेला, म्हणजे कुठला जागेवर नाही ते बघताक्षणी कळावं. इतकं स्वच्छ गॅरेज मी आधी पाहिलं नव्हतं. मास्तर बोलायचेही हळू, शाळा सुटल्यानंतरच्या वर्गात बोलावं तसे.

"कवापासून एअर घ्यायली?" त्यांनी विचारलं.

"तीन-चार वर्षं झाली," मालक म्हणाले. "टाकी अर्धी झाली, की चढाला."

"आन् दर बारीला बोल्ट सोडून तुमी एअर काढायलाव?"

"मी न्हाई. ही काढायली."

मास्तरांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग एक स्टूल आणून बॉनेटजवळ ठेवलं. "अक्का, मग तुमीच बसा हितं. तुमाला दाखवायचं हाय."

त्यांनी फिल्टरकडे येणारी काळी नळी काढली आणि तिच्या जागी वीतभर पारदर्शक नळी जोडली. गाडी सुरू केली. नळीतून डिझेल वाहायला लागलं. इतकी वर्षं मी ते हाताला लागताना आणि मातीत सांडताना पाहिलं होतं, असं चालताना कधीच नाही. पिवळसर, अंगात थोडी हिरवी झाक. लिंबाच्या पानांमधून उन्हाचे कवडसे त्या नळीवर पडत होते. आधी मोहरीएवढे बुडबुडे आले, रांगेनं. मास्तरांनी ॲक्सिलेटर वाढवला तसे ते तुरीएवढे झाले. एखादा मध्येच अडून राहायचा, थरथरायचा आणि एकदम सुटून जायचा. मी बघतच बसले. किती वेळ गेला, ठाऊक नाही. आपण दुरुस्तीला आलोय, घरी टोमॅटोचे ट्रे भरायचे राहिलेत, हे सगळं कुठेतरी लांब गेलं होतं.

"काय दिसायलंय?" मालकांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, मी त्यांचं बोट नळीवर ठेवलं. रोज सकाळी पूजेत इष्टलिंग धरणारा तो हात. बारीकसारीक त्याला लगेच कळायचं. पण ते मान हलवून म्हणाले, "कळंना मला. नुसतीच नळी लागायली."

मास्तरांनी गाडी बंद केली आणि समजावून सांगितलं. टाकी मागे, इंजिन पुढे. इंजिनाजवळचा पंप तिथून डिझेल ओढतो. पंप जुना, नळ्या जुन्या, कुठे कुठे बारीक चिरा. "ऊस चोखताना बघा, कांडीला चीर असली की रसाबरोबर वारं येतंय तोंडात. तसं हाय हे. टाकी भरलेली असली की ओढायला सोपं, रिकामी व्हायली की जड. आता असं करू. टाकीजवळ बॅटरीवरचा पंप बसवू, म्हंजे तो मागून ढकलंल. नळ्या सगळ्या नव्या टाकू. आन् फिल्टर मोठा, खाली काचेची वाटी असलेला. डिझेलात पाणी असलं, की त्या वाटीत खाली बसंल. आठ दिसाला खालची तोटी सोडायची, पाणी काढायचं."

टाकी खाली उतरवली तेव्हा तिच्या तळाला काळा गाळ निघाला, आणि जाळी तर जवळजवळ बुजलेलीच. दुपारभर काम चाललं. मालक लिंबाच्या बुंध्याला टेकून आवाज ऐकत होते आणि मास्तर मधूनमधून, न विचारता, आता काय करतोय ते त्यांना सांगत होते.

संध्याकाळच्या आत झालं. मास्तरांनी चावी अर्धी फिरवायला सांगितली. इंजिन सुरू व्हायच्या आधीच मागून बारीक गुणगुण आली, तांब्यात माशी अडकल्यासारखी. नळीत बघितलं तर सावलीत ती रिकामीच वाटली. मास्तरांनी टिचकी मारली. "रिकामी न्हाई. भरलेली हाय. बुडबुडा न्हाई म्हणून दिसंना." मग त्यांनी ती काढून नवी काळी नळी बसवली.

परतीला गाडी अशी चालली, की मला स्टेअरिंग हलकं वाटत होतं. ऊन तिरकं झालं होतं, लाल माती आणखी लाल दिसत होती, दोन्हीकडे तूर फुलावर आलेली. मी काही बोलत नव्हते. गाडीसुद्धा बोलत नव्हती.

"आपण कुठं आलाव?" मालकांनी एकदम विचारलं.

इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

"भालकीजवळ."

"आन् चढ?"

"चढ मागंच गेला की."

"कवा गेला?" त्यांनी दाराची कडी घट्ट धरली होती. "मला कळलाच न्हाई."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते रस्ता ओळखायचे तो त्या धापेवरून. कुठे आवाज पातळ होतो, कुठे हिसका बसतो, कुठे जोर परत येतो. आम्ही ते सगळं मैलूरला काढून टाकून आलो होतो. घरी येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, "ही गाडी आपली न्हाई वाटत."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. कंबर दुखते म्हणाले. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकटी जायला लागले.

आणि मला ते आवडलं. हे लिहायला आजही जड जातं, पण खरं आहे. एकदा करडईच्या रानाशेजारी गाडी थांबवून, कुणाला न सांगता, मी दोन पेरू खाल्ले. वाऱ्यानं रान हलत होतं. कुणी 'तिसरा टाक' म्हणणारं नव्हतं. चढ यायचा आणि गाडी झोपेत चालल्यासारखी वर जायची. घरी गेले, की मालक शेडनेटखाली ट्रेमध्ये बी टोकत बसलेले दिसायचे. मी हात धुऊन त्यांच्या शेजारी बी टोकायला बसायची, आणि सकाळी पुन्हा एकटीच निघायची.

असे दोन-तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी मी गाडीशी गेले तर मालक बॉनेट उघडून उभे, हातात स्वयंपाकघरातली वाटी.

"काय करायलाव?"

"मास्तरनं सांगितलं होतं, तोटी सोडा म्हणून. तू सोडलीस का एकदा तरी?"

मी सोडली नव्हती. त्यांनी वाटीत बोटं बुडवून अंगठ्यावर चोळली. "हे बघ. डिझेल असं निसटतंय. हे निसटंना, हे पाणी हाय. दोनदा वाटी भरली. कुठनं भरलं डिझेल?"

मला आठवलं. गेल्या आठवड्यात मी आमच्या शेडमधला डिझेलचा डबा टाकीत ओतला होता. त्या डब्याचं झाकण नीट बसत नाही आणि वर नळाचं पाणी ठिबकतं, हे मला ठाऊक होतं. घाईत ओतला. मी खाली मान घालून सांगितलं.

"कामून घाई केलीस?"

मी त्यांच्या हातातली वाटी घेऊन बाजूला रिकामी केली. त्यांनी तोटी आवळली, हात पुसले. मग, जणू हवापाण्याचं विचारावं तसं, विचारलं, "एकटीला जायला बरं वाटतंय न्हवं?"

कोंबड्या गाडीखाली उकरत होत्या. खोटं बोलता आलं असतं. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. पण त्यांनी माझ्याकडेच तोंड केलं होतं.

"व्हय," मी म्हणाले.

"वाटणारच. मी अठरा वर्षं एकटाच फिरलो की. मला काय ठाऊक न्हाई व्हय?" मग त्यांनी बॉनेट हातानं चाचपत लावलं आणि म्हणाले, "आज मी येतो. उद्या तू एकटी जा."

तेव्हापासून तसंच चाललंय. काही दिवस माझे, काही दोघांचे. तोटी मात्र तेच सोडतात, डब्याला नवं झाकणही त्यांनीच आणवलं. दोघं निघालो, की रस्त्यात काय आहे ते मी सांगत जाते. कुणाचं ज्वारीचं रान कसं आलंय, कुठल्या विहिरीवर बाया धुणं धुतायत, आभाळ कुठल्या अंगाला पांढरं झालंय. सुरुवातीला मला सुचायचं नाही. आता बोलता बोलता मीच त्या रस्त्याकडे नीट बघायला शिकलेय, आणि कधी कधी बोलण्याच्या भरात जरा वाहवतसुद्धा जाते.

परवा ठाणाकुशनूरच्या वाटेवर मी म्हणाले, "बांधावर मोर हाय."

"भर दुपारी?" ते म्हणाले. "या उन्हात मोर कुठला बाहेर येतोय?"

मी हसले. तेही हसले. मग सीटला मान टेकून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरं, असू दे. पिसारा कसा हाय, ते सांग."