कॅमेरा कुठपर्यंत बघतो?

ज्या कामात आपण कच्चे असतो, त्याचेच किस्से जास्त साठतात. मी पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, म्हणून कल्याणच्या आमच्या चर्चने रविवारच्या उपासनेचं लाइव्ह माझ्या गळ्यात घातलं. अंथरुणाला खिळलेली मंडळी ते घरून बघतात. प्रकाशाचं अपवर्तन मला येतं. फोनचं बटण दाबलं गेलंय की नाही, याची अजून खात्री नसते.

*

पहिल्याच आठवड्यात मी प्रार्थना-विनंत्यांची यादी जशीच्या तशी फेसबुकवर टाकली. त्यात विठ्ठलवाडीच्या गायकवाडकाकांचं मूळव्याधीचं ऑपरेशन होतं. संध्याकाळपर्यंत त्यांना संगमनेरहून चार फोन!

पुढच्या रविवारी काका शांतपणे म्हणाले, "सर, मला देवाला कळवायचं होतं. सासरवाडीला नाही."

*

मग एकदा लाइव्हखाली कुणीतरी विचारलं, "शेवटच्या बाकावर निळ्या साडीतल्या बाई कोण? मी नातेवाईक आहे." उत्तर द्यावं का, यावर मी दोन दिवस विचार करत राहिलो. तोवर ऐंशीच्या साळवेआजींनी लिहून टाकलं, "आमच्याकडे शेवटच्या बाकावर कुणीच बसत नाही. सगळ्यांना पुढे बसायला आवडतं."

आमचे पाळकसाहेब बारा वर्षं दर रविवारी 'पुढे या, पुढे या' म्हणून विनवताहेत. ते म्हणाले, "आजी, एवढं खोटं?"

"उगाच चौकशी करणाऱ्याला एवढं पुरे," आजी म्हणाल्या.

*

निळ्या साडीतल्या बाई मला एकटं गाठून भेटल्या. त्यांचं नाव इथे घालत नाही, आणि हे त्यांना विचारूनच लिहितोय.

"सर, तो विचारणारा माझा नवरा. मुलीला घेऊन निघून आलेय. पाठमोरी होते म्हणून त्याची खात्री झाली नाही. आता हे चौथं चर्च सोडायला लावू नका. तुमचा कॅमेरा कुठपर्यंत बघतो?"

तो व्हिडिओ मी काढून टाकला. कॅमेरा दाराजवळ, वेदीकडे तोंड करून असतो. टेपने मापं घेऊन जमिनीवर एक पांढरी पट्टी चिकटवली. तिच्या डावीकडचं काही दिसत नाही. बाईंनी फोनमध्ये तीनदा बघून खात्री केली. "कुणाला सांगू नका," म्हणाल्या. मी बायकोलाही सांगितलं नाही.

*

नाताळात मुलांनी पुढे येऊन बायबलमधलं एकेक वचन म्हणायचं असतं. बाईंच्या मुलीचं नाव मुद्दाम यादीत नव्हतं. पण शेवटचा मुलगा बसला आणि ती उठली, पट्टी ओलांडून थेट पुढे चालत गेली. बाई अर्धवट उठल्या, तशाच थिजल्या. मी बटण शोधत होतो. चष्मा कपाळावर होता.

मुलगी आमच्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे वळणार, एवढ्यात साळवेआजी उभ्या राहिल्या. मग गायकवाडकाका. मग कॅमेऱ्यासमोरचे तिन्ही बाक. आमच्यात शुभवर्तमान वाचताना उभं राहतात, गीताला राहतात. मुलांच्या वचनांना कधीच नाही. पाळकसाहेब सवयीने म्हणाले, "बसा." कुणी बसलं नाही. आजींनी शाल दोन्ही हातांनी पसरून धरली.

मुलीने वचन सुरू केलं. दुसऱ्या शब्दापासून सगळी मंडळी तिच्याबरोबर म्हणू लागली, पाळकसाहेबसुद्धा. एकटीचा आवाज वेगळा काढता येईना.

घरी तो व्हिडिओ पुन्हापुन्हा पाहिला. मिनिटभर नुसत्या पाठी, एक तपकिरी शाल, आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज.

पुढच्या रविवारी गायकवाडकाकांना दारात गाठून हळूच विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं, सर?" म्हणाले, आणि पांढऱ्या पट्टीचं सुटलेलं टोक बुटाने नीट दाबून आत गेले.